रात्रभर जागून अभ्यास करावा का?



फेब्रुवारी-मार्चचे दिवस जवळ आले, की रात्री बारा-एकपर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढू लागते. पुस्तक समोर असते, चहाचा पेला शेजारी असतो, डोळे मिटू लागतात आणि तरीही पान उलटले जाते. "परीक्षा झाल्यावर झोपेन पोटभर," असे आपण स्वतःलाच सांगतो. घरातली मोठी माणसेही पुष्कळदा या जागरणाचे कौतुक करतात.

हे कौतुक रास्त आहे का? रात्री दोनपर्यंत जागणारा विद्यार्थी आणि दहा वाजता दिवा मालवून झोपणारी त्याची बहीण, यांच्यापैकी दुसऱ्या दिवशी कोणाला अधिक आठवेल? या प्रश्नावर प्रत्येकाचे काही ना काही मत असते. परंतु विज्ञानात मताला फारसे मोल नसते. प्रयोग करून, मोजमाप करून जे हाती येते त्याला मोल असते. स्मरण, वाचन आणि झोप यांविषयी गेली सुमारे १४० वर्षे असे प्रयोग चालू आहेत. त्यांतले काही आपण या लेखात पाहू. त्यांतले काही तर तुम्हांला वर्गात करूनही पाहता येतील.

विसरणे मोजता येते

हर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणाचे मोजमाप प्रथम केले. त्याच्यापुढे एक मोठी अडचण होती. कविता पाठ करावी, तर तिचा अर्थ, यमक, चाल यांची मदत होते. ओळखीचे शब्द घ्यावेत, तर काही शब्द आधीपासूनच आवडते असतात. मग निव्वळ स्मरणशक्ती मोजायची कशी? त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. आपल्या भाषेत सांगायचे तर 'झुप', 'टेघ', 'वॉल' असे; आणि यातला 'वॉल' लगेच बाद, कारण त्याला अर्थ आहे! असे अक्षरगट तो घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर मोठ्याने वाचून पाठ करी. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच.

मोजण्याची युक्तीही सोपी होती. एक यादी बिनचूक पाठ व्हायला किती वेळ लागला हे तो लिहून ठेवी. काही काळ गेल्यावर तीच यादी पुन्हा पाठ करी आणि आता किती वेळ लागला ते पाही. समजा, पहिल्या वेळी १०० सेकंद लागले आणि दुसऱ्या वेळी ५६ सेकंद, तर ४४ सेकंद वाचले. म्हणजे ४४ टक्के बचत झाली. जेवढी बचत जास्त, तेवढे स्मरण जास्त शिल्लक. १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने दिलेले आकडे साधारणपणे असे आहेत :

२० मिनिटांनंतर बचत ५८ टक्के
१ तासानंतर ४४ टक्के
९ तासांनंतर ३६ टक्के
१ दिवसानंतर ३४ टक्के
२ दिवसांनंतर २८ टक्के
६ दिवसांनंतर २५ टक्के
३१ दिवसांनंतर २१ टक्के

हे आकडे आलेख-कागदावर मांडून पाहा. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर बचत घ्या. वक्ररेषा सुरुवातीला कड्यावरून उतरावी तशी खाली येते आणि पुढे जवळजवळ सपाट होते. याला 'विस्मरण वक्र' म्हणतात. २०१५ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी हा प्रयोग जवळजवळ त्याच पद्धतीने पुन्हा केला, तेव्हा तशाच आकाराचा वक्र मिळाला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की विसरणे हा आळसाचा किंवा मंद बुद्धीचा पुरावा नव्हे. वाचलेले विसरले म्हणून "माझे डोकेच चालत नाही," असे म्हणण्याचे कारण नाही. निरोगी माणसाचा मेंदू असाच वागतो. दुसरी अशी, की विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो. म्हणून उजळणी करायची तर ती लवकर करायला हवी.

एबिंगहाउसने आणखी एक महत्त्वाची गोष्ट मोजली. बारा अक्षरगटांची यादी एका बैठकीत ६८ वेळा घोकल्यावर, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बिनचूक म्हणता येण्यासाठी जेवढी मेहनत लागली, जवळजवळ तेवढीच मेहनत दुसऱ्या एका पद्धतीत लागली. तिच्यात त्याने तीन दिवसांत वाटून फक्त ३८ वेळा घोकणी केली होती. म्हणजे काम तेच, पण श्रम जवळजवळ निम्मे! एका रात्रीत सगळे उरकण्याच्या विरुद्ध असलेला हा पहिला मोजलेला पुरावा.

पुन्हा वाचावे की आठवून पाहावे?

आता अर्थ नसलेले अक्षरगट सोडून खऱ्याखुऱ्या धड्याकडे वळू. धडा एकदा वाचून झाला. हाताशी आणखी सात मिनिटे आहेत. त्या वेळात तोच धडा पुन्हा वाचावा, की पुस्तक मिटून काय आठवते ते कागदावर लिहावे?

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न विद्यार्थ्यांवर तपासला. विद्यार्थ्यांना सूर्याविषयी आणि समुद्रातील पाणमांजरांविषयी छोटे उतारे वाचायला दिले. एका पद्धतीत उतारा सात-सात मिनिटे दोनदा वाचायचा होता. दुसऱ्या पद्धतीत सात मिनिटे वाचायचे आणि पुढची सात मिनिटे, उतारा न पाहता, आठवेल ते लिहायचे होते. नंतर सर्वांची चाचणी घेतली.

पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. पण दोन दिवसांनी चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ५४ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६८ टक्के आठवले. एका आठवड्यानंतर हेच आकडे ४२ आणि ५६ झाले.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि "हे तर मला येते," असा भास होतो. पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. रस्त्यात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसे हे आहे. परीक्षेच्या पेपरात धडा समोर नसतो. तेथे आठवावेच लागते. ज्याची परीक्षा व्हायची, त्याचाच सराव करणे शहाणपणाचे.

आपल्याकडे ही युक्ती जुनीच आहे. दिवेलागणीच्या वेळी घरोघरी परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी, श्लोक हे सारे पुस्तक न उघडता रोज ठराविक वेळी आठवून म्हणायचे असे. 'आठवून म्हणणे' आणि 'दिवसांत वाटून म्हणणे' या दोन्ही गोष्टी परवचात होत्या. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी उपयोगाची नाही हे खरेच. पण अर्थ समजल्यावर आठवून पाहणे म्हणजे घोकंपट्टी नव्हे.

झोपेत मेंदू काय करतो?

१९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरगट पाठ करायला दिले. कधी पाठांतर रात्री झोपण्यापूर्वी असे, तर कधी सकाळी. मग एक, दोन, चार किंवा आठ तासांनी किती आठवते ते पाहिले. सकाळी पाठ करून आठ तास जागेपणी घालवल्यावर दहापैकी जेमतेम एक अक्षरगट आठवे. रात्री पाठ करून आठ तास झोपल्यावर मात्र निम्म्याहून थोडे अधिक आठवत. काळ सारखाच, पण विस्मरणात एवढा फरक!

त्या वेळी असा अर्थ लावला गेला, की झोपेत नवे काही कानांवर-डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे जुने पुसले जात नाही. म्हणजे झोप ही नुसती शांतता. पण पुढे मेंदूतील विद्युत् लहरींची नोंद करता येऊ लागली. हान्स बेर्गर या जर्मन वैद्याने माणसाच्या मेंदूच्या अशा नोंदी १९२९ साली प्रसिद्ध केल्या. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठराविक काळाने बुबुळे पापण्यांआड वेगाने हलू लागतात. त्या वेळी मेंदूतील लहरी जागेपणाशी मिळत्याजुळत्या असतात. झोपेच्या या प्रकारात पुष्कळ स्वप्ने पडतात, म्हणून तिला आपण 'स्वप्ननिद्रा' म्हणू. दुसरा प्रकार 'गाढ निद्रा'. तिच्यात लहरी मोठ्या आणि संथ असतात. हलकी झोप, गाढ निद्रा, स्वप्ननिद्रा असे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते आणि रात्रभरात अशी चार ते सहा आवर्तने होतात. गाढ निद्रेचा मोठा भाग रात्रीच्या पूर्वार्धात येतो, तर स्वप्ननिद्रेचा मोठा भाग पहाटेकडे. वाढीचे संप्रेरकही मुख्यतः सुरुवातीच्या गाढ निद्रेतच रक्तात सोडले जाते.

मग या सगळ्या वेळात मेंदू करतो काय? १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील हिपोकॅम्पस या भागातील चेतापेशींची नोंद घेतली. नव्या आठवणी तयार होण्यासाठी हा भाग आवश्यक असतो. उंदीर फिरत असताना ज्या चेतापेशी बरोबरीने उद्दीपित होत होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही बरोबरीने उद्दीपित होताना दिसल्या. जणू दिवसाचा धडा झोपेत पुन्हा गिरवला जात होता. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांतून असे दिसून आले आहे, की झोपेत आठवणी पक्क्या होतात आणि आधीच्या ज्ञानाशी जोडल्या जातात.

थोडक्यात, दिवसा आपण वहीत कच्चे टिपण करतो आणि रात्री मेंदू ते पक्क्या वहीत उतरवतो. अभ्यासासाठी झोप कापणे म्हणजे कच्च्या वहीची पाने वाढवायची आणि पक्की वही उघडायचीच नाही, असा प्रकार.

अकरा दिवस जागलेला विद्यार्थी

जागरणाचा एक प्रसिद्ध प्रयोग शाळकरी मुलानेच केला होता. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी न झोपता राहण्याचे ठरवले. जानेवारी १९६४ मध्ये प्रयोग संपला तेव्हा तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा होता. झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट आणि नौदलातील एक डॉक्टर त्याच्यावर लक्ष ठेवून होते. चौथ्या दिवशी रस्त्यावरची पाटी त्याला माणूस वाटली. तो चिडचिडा झाला, बोलणे अडखळू लागले. अकराव्या दिवशी त्याला १०० मधून ७ वजा करत जाण्यास सांगितले. १००, ९३, ८६, ७९, ७२, ६५... येथे तो थांबला. का थांबलास असे विचारले, तर आपण काय करत होतो हेच तो विसरला होता!

हा प्रयोग कोणीही करून पाहू नये. धोका लक्षात घेऊन जागरणाच्या विक्रमांची नोंद करणे गिनीज पुस्तकानेही नंतर बंद केले.

"पण एवढे कोण जागतो? मी तर रोज सहा तास झोपतो आणि मला त्याची सवय झाली आहे," असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर प्रयोगात आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी प्रौढांना गट पाडून दोन आठवडे रात्री चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. सहा व त्याहून कमी तास झोपणाऱ्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेले. शेवटी ते सलग एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसांइतके खाली आले. विशेष म्हणजे, आपण इतके मागे पडलो आहोत याची त्यांना स्वतःला पुरेशी जाणीव नव्हती. सवय होते ती झोप कमी पडल्याची जाणीव न होण्याची. नुकसान होतच असते.

शरीरातले घड्याळ आणि तुमचे वय

१७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळेचे ज्ञान रोपाच्या आतच होते. माणसाच्या बाबतीत असा शोध घेण्यासाठी १९३८ साली क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्डसन केंटकीमधील मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे त्यांनी २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण रिचर्डसनला तो बऱ्यापैकी जमला. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र २४ तासांच्या तालातच चढत-उतरत राहिले.

या घड्याळाचे मुख्य केंद्र मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेतातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या वर असते. त्यात सुमारे २०,००० चेतापेशी असतात. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला. त्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंधार पडल्यावर या केंद्राच्या हुकमाने मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. 'आता रात्र झाली' असा निरोप ते साऱ्या शरीराला देते. डोळ्यावर प्रकाश पडला, की हा निरोप लांबतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम चित्र पाहण्याचे नसून उजेड मोजण्याचे असते. निळसर प्रकाशाला त्या विशेष दाद देतात. मोबाइलच्या पडद्यातून असा प्रकाश येतो. शिवाय पडद्यावरचा मजकूर मनाला स्वस्थ बसू देत नाही, ते वेगळेच.

आता तुमच्या वयाकडे येऊ. बारा-तेराव्या वर्षानंतर शरीरातले हे घड्याळ एक ते दोन तास मागे पडते. लहानपणी नऊ वाजता पेंगणाऱ्या मुलाला आता साडेदहा-अकरापर्यंत झोप येत नाही. अनेक देशांतील मुलांमध्ये हे आढळले आहे. म्हणजे सकाळी उठवत नाही तो प्रत्येक मुलगा आळशी असतो, असे नाही. १३ ते १८ वर्षे वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे.

हिशेब करून पाहू. शाळा सकाळी सात वाजता भरते, म्हणून साडेपाचला उठायचे. साडेआठ तास झोप हवी, तर रात्री नऊला झोपायला हवे. पण झोप लागते साडेदहाला. रोज दीड तास तूट आली. सहा दिवसांत नऊ तास, म्हणजे आठवड्यातून एक अख्खी रात्र गेली! रविवारी दहापर्यंत झोपून ही तूट पुरती भरून निघत नाही. उलट घड्याळ आणखी मागे सरकते आणि सोमवार जड जातो.

ही बाब शिक्षकांनी व पालकांनी विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, असा कायदा लागू झाला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय घेतला. तो लहान मुलांसाठी होता. वर पाहिल्याप्रमाणे, घड्याळ मागे पडण्याची अडचण मोठ्या मुलांना अधिक असते.

मग करायचे काय?

१. धडा समजून वाचा. त्याच दिवशी झोपण्यापूर्वी पुस्तक मिटून दहा मिनिटे आठवून लिहा. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करा. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने थोडा-थोडा वेळ करा.

२. उठण्याची वेळ रोज सारखी ठेवा. सुटीच्या दिवशी फार तर तासभर अधिक झोपा. उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर जा. घरातल्या दिव्याखाली प्रकाश काही शे लक्स असतो. भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. शरीरातले घड्याळ लावायला सकाळच्या उजेडासारखी दुसरी किल्ली नाही.

३. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एकाच खोलीचे घर असेल, तर तो घरातल्या मोठ्यांच्या स्वाधीन करा. त्या वेळात मंद दिव्याखाली एखादे पुस्तक वाचा. विज्ञानकथा, प्रवासवर्णन, चरित्र, काहीही चालेल. वाचन केवळ गुणांसाठी नसते. वाचलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी धाकट्या भावंडाला सांगा. आठवून पाहण्याचा यापेक्षा आनंदाचा प्रकार नाही.

४. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोप आणते. कॅफीन त्याची वाट अडवते. शरीरातील निम्मे कॅफीन नाहीसे व्हायला सुमारे पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन पहाटे तीनलाही रक्तात असते.

५. पहाटे पाण्यासाठी, कामासाठी किंवा एस्टीसाठी लवकर उठावेच लागत असेल, तर दुपारी २०–३० मिनिटांची झोप घ्या. ती दिवसा उशिरा घेऊ नका.

६. अंथरुणावर पडूनही रोज झोप लागत नसेल, मन सतत उदास किंवा धास्तावलेले असेल, तर ते मनात ठेवू नका. आई-वडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्याशी बोला. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यास विनामूल्य मदत करते. ताप आल्यावर आपण औषध घेतो, त्यात लाज वाटत नाही, तसेच हे.

वर्गात करून पाहा

प्रयोग पहिला : वाचणे आणि आठवणे. न शिकवलेल्या विषयावरचा सुमारे अडीचशे शब्दांचा उतारा निवडा. त्यातील तीस मुद्दे शिक्षकांनी आधीच लिहून ठेवावेत. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट पाडा. हुशार मुले एकाच गटात जाऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या हव्यात. सर्वांनी सात मिनिटे वाचावे. पुढील सात मिनिटे पहिल्या गटाने पुन्हा वाचावे, तर दुसऱ्या गटाने उतारा न पाहता लिहावे. एका आठवड्याने, आधी न सांगता, सर्वांना आठवेल ते लिहायला सांगा. तपासणाऱ्याला कोणता कागद कोणत्या गटाचा हे ठाऊक नसावे. दोन्ही गटांची सरासरी काढा.

प्रयोग दुसरा : पट्टी पकडणे. मित्राने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी, शून्याची खूण खाली. तुमचा अंगठा व तर्जनी शून्याच्या दोन्ही बाजूंना, स्पर्श न करता, ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी. ती जेथे पकडाल तेथले अंतर वाचा. पट्टी गुरुत्वाने पडते, म्हणून पडण्याचा काळ = √(२ × अंतर ÷ ९.८), यात अंतर मीटरमध्ये घ्यायचे. १५ सेंटिमीटरला सुमारे ०.१७ सेकंद, २० ला ०.२० सेकंद, २५ ला ०.२३ सेकंद येतात. दहा वेळा करून सरासरी घ्या. दोन आठवडे रोज सकाळी एकाच वेळी हे करा आणि शेजारी आदल्या रात्रीचे झोपेचे तास लिहा. यासाठी मुद्दाम जागरण करू नका. जशी झोप होते तशी नोंदवा. शेवटी झोपेचे तास आणि प्रतिक्रियेचा काळ यांचा आलेख काढा.

प्रयोग तिसरा : लाजाळूचे घड्याळ. लाजाळूची कुंडी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी व रात्री क्षणभर मंद उजेडात पाहून पाने उघडी की मिटलेली ते नोंदवा. हात लावू नका. लावला तर पाने मिटतील आणि नोंद चुकेल.

विचार करा

१. एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग केला. यात कोणता फायदा झाला आणि कोणता दोष राहिला?
२. जेंकिन्स व डॅलनबाख यांच्या प्रयोगात पाठांतर कधी सकाळी, कधी रात्री झाले. फरक झोपेमुळे पडला, पाठांतराच्या वेळेमुळे नव्हे, हे पक्के करण्यासाठी प्रयोगात काय बदल कराल?
३. तुमच्या शाळेची वेळ, घरापासूनचे अंतर आणि उठण्याची वेळ घेऊन आठवड्याच्या झोपेची जमाखर्चाची वही तयार करा. तूट किती तास येते? ती तुम्हांला स्वतःला किती कमी करता येईल, आणि किती कमी करण्यासाठी घरच्यांची व शाळेची मदत लागेल?